लग्नाआधी सासू कोण होती?

नोकरीची शेवटची आठ वर्षं मी झाडं काढली. कागदावर, पेन्सिलीनं. कलबुर्गीच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली होती. दारावर ‘आनुवंशिक समुपदेशन’ अशी तीन भाषांत पाटी होती आणि ती तिन्ही भाषांत कुणी वाचत नसे. बायका थेट वॉचमनला विचारायच्या, “झाडवाली अक्का कुठं बसती हो?” वॉचमन हसून बोट दाखवायचा.

मी मूळची बसवकल्याणची. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, बाजारात दखनी. आमच्या भागातलं माणूस एका वाक्यात तिन्ही बोलतं आणि आपण काही विशेष करतोय असं त्याला वाटत नाही. नर्सिंगचं शिक्षण बीदरला झालं. मग वॉर्डात वीस-बावीस वर्षं सलाइनी लावल्या, ड्रेसिंग केलं, नातेवाइकांची भांडणं सोडवली. गुडघे कुरकुरायला लागले तशी आमच्या सर्जन मॅडमनी मला बेंगळूरला एका प्रशिक्षणाला पाठवलं. म्हणाल्या, “तुम्हाला बायका घरातलं सगळं सांगतात. नाहीतरी ऐकताच आहात, आता लिहून घ्या.”

काम काय ते सांगते. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. कॅन्सर झाला असेल तर तो गोल काळा करायचा, माणूस वारलं असेल तर वरून तिरकी रेघ. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या काढल्या की कागदाकडे लांबून बघायचं. बहुतेक झाडांत काळं इकडंतिकडं एखादं असतं. तो नशिबाचा भाग, वयाचा भाग. पण एखाद्या झाडात काळे गोल एकाच फांदीनं खाली उतरत येतात. आजी, तिची लेक, त्या लेकीची लेक. तिथं पेन्सिल थांबते. अशा काही घराण्यांत रक्तातच एक दोष चालत येतो. तो लेकराला येण्याची शक्यता निम्मी, न येण्याची निम्मी. ज्या बाईत तो असतो तिला स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. होणारच असं नाही. रक्त तपासलं की दोष आहे का ते कळतं. असला तर बाईपुढं दोन वाटा असतात. एक तर दर वर्षी कसोशीनं तपासण्या करत राहायचं, नाहीतर काही व्हायच्या आधीच ऑपरेशन करून तो भाग काढून टाकायचा. कुठली वाट धरायची ते मी सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

आणि एक गोष्ट, जी मी रोज घसा कोरडा होईपर्यंत सांगायची: हा दोष बापाकडूनही येतो. बापाला स्वतःला काही होत नाही बऱ्याचदा. तो धडधाकट राहतो, शेत करतो, पंचायतीत बसतो आणि लेकीच्या ओटीत हे टाकून मोकळा होतो. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं.

गिऱ्हाइकं एकेक यायची. हुमनाबादहून हायवेवरचा एक ढाबेवाला आला. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. म्हणाला, “अक्का, पोरासाठी एक पोरगी बघितलाव. तिच्या घरचं झाड तेवढं काढून द्या. काळं निघालं तर सोयरीक मोडतो.” मी म्हटलं, “काढते की. पण आधी तुमच्या पोराचं काढू. बसा. तुमची आई कशानं गेली?” त्याला एकदम लॉरी अनलोड करायची आठवण झाली. एक म्हातारी नारळ घेऊन आली आणि माझ्या टेबलाला हळदकुंकू लावून गेली. एका गृहस्थांनी चुलत्याचं नाव गाळायला सांगितलं, कारण चुलत्याशी बोलणं बंद होतं. मी म्हटलं, “रक्ताला कळवलं का, बोलणं बंद आहे म्हणून?”

अशी मी तोंडाळ. तोंडाळपणाचा मला अभिमानही होता. पुढं त्याची किंमत दुसरीनं मोजली, तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

एका वर्षी काय झालं, कन्नड मालिकेतल्या एका नटीनं मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. मालिकेत ती मोठी सून व्हायची, त्यामुळं बायकांत तिचं खरं नाव कुणी घेत नसे, ‘मोठी सून’च म्हणायच्या. तिची आई आणि मावशी कॅन्सरनं गेलेल्या. तिनं रक्त तपासलं, दोष निघाला आणि तिनं आजार नसताना दोन्ही स्तनांचं ऑपरेशन करून घेतलं. तीन मिनिटांच्या व्हिडिओत तिनं हे सगळं सांगितलं. न रडता, मालिकेत बोलते त्याहून साध्या आवाजात. शेवटी म्हणाली, भिऊ नका, विचारा.

आणि बायका विचारायला आल्या! ज्या खोलीत आठवड्याला चार-पाच यायच्या तिथं दारापासून एक्स-रेपर्यंत रांग लागली. आळंद, भालकी, औराद, कुठून कुठून. हातात मोबाइल, मोबाइलवर मोठी सून. “हिनं केलंय तसं आमचं बी करा.” कुणाच्या शेजारणीला कॅन्सर, कुणाच्या मैत्रिणीला, कुणाच्या घरात कुणालाच नाही. एकीला मी परत पाठवलं तर ती मोठ्या शहरात जाऊन, कसलीही तपासणी न करता, न लागणारं ऑपरेशन करून आली आणि मला दाखवायला आली. त्या दिवसापासून त्या नटीवर माझा राग बसला. तीन मिनिटं बोलून ही मोकळी झाली, निस्तरायचं आम्ही, असं मी चहाच्या टेबलावर उघड म्हणायची.

अशाच गर्दीच्या एका सकाळी राजश्री आली. मादन हिप्परग्याची, वय पस्तीस-छत्तीस, नवरा शिवराज तुरीचा व्यापार करतो, मुलगी सातवीत. गावातून पहिल्या गाडीनं निघालेली, डोक्यावरचा पदर नीट खोचलेला. बसल्या बसल्या तिनं मोबाइल पुढं केला.

“हिनं केलीय अक्का. मला बी करायचंय.”

मनात म्हटलं, आली आणखी एक. “घरात कुणाला झालता का?”

“सासूला. छातीचा. दोन वर्षं मीच केले तिचं. माझ्या मांडीवर जीव गेला.”

“आणि माहेरात?”

“माहेरात न्हाई कुनाला. माय हाय, मावश्या हायत, अप्पा हाय. समदे चांगले हायत.”

मला हसू आलं. दारात दहा-बाराजणी ताटकळत होत्या. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, “अगं बाई, सासूचं दुखणं सुनेला येत नसतंय. सासूचे दागिने येतील तुला, कॅन्सर न्हाई!”

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. राजश्रीही हसली, पण वर्गात चुकीचं उत्तर दिलेली मुलगी हसते तशी. मी झाड काढलं नाही. गर्दीसाठी आम्ही एक पानी छोटा फॉर्म केला होता. त्यावर दोन चौकटी, माहेर आणि सासर. माहेरच्या चौकटीत ‘नाही’ लिहिलं, सासरची चौकट रक्ताची नसते म्हणून सोडून दिली आणि खाली शेरा मारला: रक्ताच्या नात्यात आजार नाही. स्वतःची छाती महिन्याला स्वतः कशी तपासायची ते सांगितलं आणि पुढचीला हाक मारली. जाताना ती दारात थांबली. म्हणाली, “म्हंजे मला कायबी न्हाई न्हवं अक्का?” मी म्हटलं, “काही न्हाई. जा, निवांत भाकरी खा.”

या गोष्टीला अकरा महिने झाले. मी तिला विसरून गेले होते.

बसवकल्याणला माझ्या भाचीचा, म्हणजे भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलगा कोण, तर माझ्या धाकट्या बहिणीचा. आमच्याकडे हे आहेच. पोरगी बापाच्या घरातून आत्याच्या घरात जाते; कुणी मामालाच देतात. घरची पोरगी घरात राहते, दोन्हीकडच्या ताट-वाट्या ओळखीच्या असतात. भाची सकाळपासून मुसमुसत होती. घरात बायकांचा गराडा. आमची एक दूरची चुलती, ऐंशीच्या पुढची, तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “रडायलीस कामून गं? परक्या घरी जायलीस का? सासू कोन हाय तुझी? आत्याच हाय की. एका रक्ताची हाव.”

मी लाडू वाटत होते. हातातलं ताट तसंच राहिलं. एका रक्ताची हाव.

मला राजश्रीचा चेहरा आठवला. डोक्यावरचा पदर आठवला, मोबाइल आठवला. तिच्या सासूविषयी मी एवढंच विचारलं होतं की ती सासू आहे का. सासू होण्याआधी ती कोण होती, हे विचारलंच नव्हतं. बेंगळूरच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता, पण मला शिकवायची गरज काय? मी याच मातीतली. माझ्या घरात त्याच क्षणी तेच चाललं होतं आणि मीच लाडू वाटत होते. माहेर वेगळं, सासर वेगळं, ही चौकट आमच्या अर्ध्या घरांना लागूच पडत नाही. आणि दुसरं असं की, दिलेली लेक म्हणजे दिल्या घरची, ही समजूत इतकी पक्की असते की तिचं दुखणंही त्याच घराच्या नावावर चढतं. राजश्री माझ्याशी खोटं बोलली नव्हती. तिची आत्या तिच्या डोक्यात सासरच्या माणसांत बसली होती.

सोमवारी दवाखान्यात जाऊन तिची फाइल शोधली. एकच पान. त्यावरचा शेरा माझ्या अक्षरात. दिलेला नंबर बंद होता. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं मला जास्त लागलं. म्हणाल्या, “कदाचित नात्यातली नसेलही.” मी म्हटलं, “नसू दे. पण विचारून येते.” मंगळवारी रजा टाकली आणि आळंदची बस धरली. तिथून दुसरी गाडी. वाटेत दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती. ती बघायच्या मनःस्थितीत मी नव्हते. मी एकच प्रार्थना करत होते की सासू परक्या घरची निघू दे.

घर सापडायला वेळ लागला नाही. राजश्री अंगणात तीळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवून उठली. तिला ओळख पटायला जरा वेळ लागला. पांढरा कोट नव्हता ना माझ्या अंगावर.

मी पाणीही न पिता विचारलं, “राजश्री, लग्नाआधी तुझी सासू तुझी कोण होती?”

“आत्या,” ती म्हणाली. “अप्पाची सख्खी भैन. कामून हो अक्का?”

मी तिथंच ओसरीवर बसले. बॅगेतून कागद काढला आणि अकरा महिन्यांपूर्वी काढायला पाहिजे होतं ते झाड काढलं. एक चौकोन, तिचे अप्पा. शेजारी एक गोल, तिची आत्या. गोल काळा केला. अप्पांच्या खाली एक गोल, राजश्री. मधली रेघ ओढली आणि सांगितलं की मी चुकले. माझं हसणं चुकलं, माझा शेरा चुकला, तुला रक्ताची तपासणी करायला पाहिजे होती आणि अजूनही करायला पाहिजे.

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी तर तवाच म्हनले होते अक्का. तुमी हासल्या. घरला येऊन मी तो व्हिडिओबी पुसून टाकले.”

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला. तो चहा मी अजून विसरले नाही.

पुढच्या आठवड्यात ती तिच्या वडिलांना घेऊन आली. माणिकराव गुरुजी, सीमेवरच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं. मी या वेळी सगळं झाड काढलं, कितीही वेळ लागू दे म्हणून दार लावून घेतलं. गुरुजींची आई? “उराला गाठ हुती. पाला बांधायचे. त्यातच गेली, ही जन्मायच्या आदीच.” काळा गोल. थोरली बहीण? “औरादकडं दिलती. चाळिशीत गेली. पोटात पानी झालतं म्हने.” मी डोळे मिटले आणि तोही गोल काळा केला, पोटातलं पाणी बऱ्याचदा अंडाशयाच्या कॅन्सरचं असतं. धाकटी बहीण, म्हणजे राजश्रीची सासू, आधीच काळी होती. तीन काळे गोल आणि त्यांच्यामध्ये एकच पांढरा चौकोन, सत्तर वर्षांचा, सायकल चालवणारा.

गुरुजींनी आयुष्यभर फळ्यावर आकृत्या काढलेल्या. त्यांना समजावून सांगायला लागलं नाही. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, चष्मा वर केला आणि बोटानं चौकोनापासून राजश्रीपर्यंतची रेघ गिरवली.

“म्हंजे ह्या रेघंनं गेलं असंल तर माझ्याकडनं गेलं.”

“आधी रक्त बघू गुरुजी. गेलंच असेल असं नाही.”

“लेकीला अक्षर दिलो, मानूस बघून घर दिलो. द्यायला पुष्कळ हुतं हो सिस्टर, हे कशाला दिलो?”

राजश्रीनं त्यांचा हात धरला. म्हणाली, “अप्पा, तुमी कुठं ठरवून दिलाव? तुमाला तरी कोन इचारून दिलं?”

असं वाक्य बेंगळूरच्या प्रशिक्षणातल्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. मी ते नंतर कितीतरी बापांना सांगितलं.

दोघांचं रक्त गेलं, शिवराजचंही पाठवलं, कारण तो त्या आत्याचाच मुलगा. काही आठवड्यांनी अहवाल आला. गुरुजींत दोष होता, राजश्रीत होता, शिवराजमध्ये नव्हता. सोनोग्राफी, मॅमोग्राफी केली, त्यात काही दिसलं नाही. आता निर्णय तिचा होता.

आणि गंमत बघा, जी बाई आदल्या वर्षी ‘मला बी करायचंय’ म्हणत आली होती, ती आता गप्प झाली. मोठ्या सुनेचा व्हिडिओ तिनं परत मिळवला होता. माझ्यासमोर तो तीनदा लावला. “ही म्हन्ती लवकर घरी गेले. हिची छाती परत बनवून दिले म्हन्ती. हिचा नवरा शेजारी हुबा हाय. हिला कोन काय म्हननार?”

मग मी तिला व्हिडिओत नसलेलं सांगितलं. बगलेत नळ्या असतात, पाणी निघत राहतं. कित्येक दिवस हात वर जात नाही, डोक्यावरचा पदर दुसऱ्यानं सावरावा लागतो. उताणंच झोपायचं. तिथली जाणीव जाते, ती बहुधा परत येत नाही. अंडाशय काढले की पाळी एकदम थांबते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं जपावी लागतात. आणि हेही सांगितलं की ऑपरेशन नको असेल तर नको, तपासण्या करत राहू, त्यात काही कमीपणा नाही. नटीवरचा राग काढायची ही संधी होती, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी राग आला नाही. तिनं तिच्या वाटेचं सांगितलं होतं. बाकीचं सांगायचं काम माझं होतं आणि तेच मी आदल्या वर्षी केलं नव्हतं.

“पोरीचं काय अक्का?” तिनं शेवटी मनातलं काढलं. “गावात कळलं तर माझ्या पोरीला कोन करील?”

मला हुमनाबादचा ढाबेवाला आठवला. खोटा धीर द्यायला जीभ उचलली नाही. मी म्हटलं, “काहीजण नाही करणार. पण पोरीला आई पाहिजे, हेही धरून विचार कर.”

दोन महिने ती काही बोलली नाही. मी फोन केला नाही. ढकलायचं नाही, हा नियम. मग एक दिवस ती आणि शिवराज दारात उभे. शिवराज मानेनंच म्हणाला, सांग की. ती म्हणाली, “नाव लिवा अक्का. पन एक सांगते. टीव्हीवालीचं बघून करायले न्हाई. आत्याचं बघून करायले. दोन वर्षं मी तिला धुतले, पुसले. शेवटी तिला पदरबी सोसत न्हवता. माझ्या पोरीनं मला तसं बघू ने.”

मी नाव लिहिलं. त्या आत्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या नावापुढं मनात हात जोडले.

ऑपरेशन मॅडमनी केलं. चांगलं झालं. काढलेला भाग नियमाप्रमाणे तपासायला गेला. आठ-दहा दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं आणि अहवाल पुढं सरकवला. डाव्या स्तनात, खोल आत, कॅन्सरची मोहरीएवढी सुरुवात होती. कुठल्याच फोटोत न दिसलेली. अजून कुठं पसरलेली नव्हती, सगळी निघाली होती. मॅडम म्हणाल्या, “वेळेत झालं.”

मी बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मोहरीएवढी. माझ्या हसण्यापासून तिच्या ऑपरेशनपर्यंत दीड वर्ष गेलं होतं, त्यातले अकरा महिने निव्वळ माझे. साखरपुडा पुढच्या वर्षी असता तर? ती म्हातारी चुलती त्या दिवशी आली नसती तर? ज्यांचे आभार मानावेत असं मला कधी वाटलं नव्हतं त्यांची नावं एकामागून एक डोक्यात यायला लागली. त्या चुलतीचं, रडणाऱ्या भाचीचं. आणि सगळ्यांच्या आधी त्या मोठ्या सुनेचं. तिनं तीन मिनिटं तोंड उघडलं नसतं तर मादन हिप्परग्याची बाई पहिल्या गाडीनं कलबुर्गीला आलीच नसती. राजश्रीला त्या नटीनं बरोबर पाठवलं होतं. चुकीचा पत्ता माझ्या खोलीतून निघाला.

मॅडमना मी म्हटलं, माझं नाव या कामातून काढा. त्या म्हणाल्या, “नाव नको, फॉर्म काढा. नवीन करा.” मी केला. माहेर-सासरच्या चौकटी खोडल्या. पहिल्या ओळीत, नाव-गाव-वयाच्याही वर, एक प्रश्न घातला, कन्नड, मराठी आणि उर्दूत: लग्नाआधी सासू-सासरे आणि नवरा तुमचे कोण लागत होते?

राजश्रीला अहवालाचं मी स्वतः सांगितलं आणि माझ्या चुकीनं गेलेल्या अकरा महिन्यांत ते वाढलं असेल, हेही. न सांगता चाललं असतं. कुणी विचारलं नसतं. ती नळ्या सांभाळत उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “चुकल्या तर चुकल्या. पन बस बदलून घरापतुर आल्या की तुमी. चुकलं म्हनून सांगायला कोन येतंय?” आणि मला म्हणाली, जरा पदर नीट करा. मी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

निवृत्तीला शेवटचे चार दिवस राहिले होते. फायली माझ्या जागी आलेल्या नवीन मुलीच्या ताब्यात द्यायचं चाललं होतं. तेवढ्यात बसवकल्याणकडची एक तरुण बाई आली, हातात मोबाइल. मी मनात म्हटलं, जाता जाता परत मोठी सून. पण या वेळी हसले नाही, पुढं वाकून बघितलं.

मोबाइलवर मोठी सून नव्हती. तुरीच्या बांधावर राजश्री उभी होती. अंगावर रोजची साडी, वाऱ्यानं पदर उडतोय आणि ती तो स्वतःच्या हातानं, डोक्याच्या वर हात नेऊन सावरतेय. धरणारी तिची मुलगी असावी, कारण चित्र हलत होतं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड. माझं असं असं झालं, मी असं केले, तुमाला करायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा, भिऊ नका. आणि शेवटी मोबाइलच्या अगदी जवळ येऊन:

“कलबुर्गीला झाडवाली अक्का हाय, तिच्याकडं जावा. लगीन व्हायच्या आदी सासू तुमची कोन हुती, ते ती इचारती. न्हाई इचारली तर तुमीच सांगा.”

पुढं ती हसली आणि व्हिडिओ संपला.

बाईनं विचारलं, “अक्का, तुमीच का त्या?”

“व्हय,” म्हटलं, “मीच.” चष्मा काढून पुसला, कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

“सांग बाई. लग्नाआधी सासू कोण होती तुझी?”